चार दिवसांचा ट्रेक, सात किलोंची सॅक

रतनगडाच्या लोखंडी शिडीवर मी अडकले होते. म्हणजे मी नाही, माझी सॅक. साठ लिटरची सॅक, तिच्या डोक्यावर आडवी बांधलेली मॅट, आणि मॅटचं एक टोक कातळाला घट्ट टेकलेलं. वर सरकता येईना, खाली माणसं खोळंबलेली. रतनवाडीचे वाटाडे मामा वरून वाकले, सॅकची पट्टी धरून त्यांनी मला पोत्यासारखं वर ओढलं आणि सॅक एका हाताने जोखून म्हणाले, "ताई, माहेरपणाला निघालाय जणू." त्यांच्याजवळ काय होतं? कमरेला कोयता, खांद्यावर घोंगडी आणि दोरीने अडकवलेली प्लास्टिकची पाण्याची बाटली.

ठाण्याला परत आल्यावर ती सॅक नौपाड्यात आमच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवली. खाऊ संपलेला, बाटल्या रिकाम्या, तरी अकरा किलो भरली. निघताना चौदा तरी असणार. त्यानंतर हीच वाट मी पुन्हा केली तेव्हा पाण्यासकट सॅक सात किलोंची होती. नवीन सामान फारसं घेतलं नाही. बहुतेक वजन दिवाणखान्याच्या फरशीवरच कमी झालं. ते कसं, हे खाली क्रमाने लिहिलं आहे. लिहिलेलं सगळं हिवाळ्यातल्या, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सह्याद्रीसाठी आहे. पावसाळ्याची यादी वेगळी.

आधी वाट, मग यादी

आपण यादीपासून सुरुवात करतो, तिथेच चुकतं. नेटवर मिळणाऱ्या याद्या बहुधा जिथे चार-चार दिवस माणूस भेटत नाही अशा रानांसाठी केलेल्या असतात. आपल्याकडे रतनगड ते हरिश्चंद्रगड ही वाट घनदाट रानातून जाते, पण रोज संध्याकाळी एखाद्या घरासमोर येऊन थांबते. तिथे चूल असते, छप्पर असतं, भाकरी असते. म्हणून कागदावर आधी प्रत्येक दिवसापुढे तीनच गोष्टी लिहा: रात्री छप्पर कुठे, जेवण कुठे, पाणी कुठे.

माझा कागद असा होता. पहाटेची कसारा लोकल, ठाण्याहून पावणेदोन-दोन तास. तिथून जीपने घोटी, शेंडी ही गावं करत भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी रतनवाडी. पहिल्या दिवशी मोठी सॅक मुक्कामाच्या घरी ठेवायची, पाणी आणि खाऊ घेऊन रतनगड करून परत यायचं आणि अमृतेश्वराच्या देवळाच्या आवारात पाय पसरायचे. दुसऱ्या दिवशी कात्राबाईची खिंड चढून प्रवरेचं खोरं सोडायचं आणि मुळेच्या खोऱ्यात कुमशेतला उतरायचं. तिसऱ्या दिवशी पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड. चौथ्या दिवशी टोलार खिंडीतून खिरेश्वर, खुबी फाटा, कल्याणची एसटी, आणि पुन्हा लोकल.

या कागदावरूनच तंबू, शेगडी, भांडी आणि तीन जेवणांचा शिधा बाद झाला. एकही गोष्ट विकत न घेता पाचेक किलो गेले. मुक्कामाच्या घरी दोन दिवस आधी फोन करून किती माणसं, रात्रीचं जेवण हवं का, पांघरूण मिळेल का, हे विचारा. गडावर राहायला सध्या परवानगी आहे का, तेही त्यांनाच विचारा. नसेल तर पाचनईत राहायचं. कात्राबाईच्या रानात ढोरवाटा फसवतात, तिथे वाटाड्या घ्याच. त्याची मजुरी वाचवून नवी सॅक घेणं हा उलटा हिशेब झाला.

शेगडीबद्दल एक गोष्ट. लोकलमधून गॅसचं डबडं नेणं हा गुन्हा आहे. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ मध्ये त्याला तीन वर्षांपर्यंतची कैद आहे. शिवाय ही बहुतेक वाट कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातून जाते, तिथे जाळ करायचा नसतो. तेव्हा 'एक कप चहापुरता बर्नर' हा मोह सोडा. चहा गावात मिळतो, आणि आपल्यापेक्षा चांगला मिळतो.

अलंग-मदन-कुलंग या अवघड किल्ल्यांसारख्या ठिकाणी, जिथे गुहेत राहून स्वतःच शिजवायचं आणि वर दोरही न्यायचे, तिथे हा हिशेब लागू नाही. त्या वाटेचा कागद वेगळा लिहावा लागतो.

काटा

स्वयंपाकघरातला केक-पिठाचा डिजिटल काटा पुरे. नसेल तर शेजारच्या वाण्याकडे जा, तो हसेल, पण तोलून देईल. प्रत्येक वस्तू तोला आणि वहीत ग्रॅममध्ये लिहा. 'हलकंच आहे' हा शब्द या वहीत चालत नाही.

पहिल्यांदा तोललं तेव्हा मला बसलेले धक्के असे: स्टीलची पाण्याची बाटली रिकामी ३४० ग्रॅम. तेवढंच पाणी मावणारी, दुकानातून घेतलेली साधी बाटली २५ ग्रॅमसुद्धा नाही. आईने दिलेला चिवड्याचा स्टीलचा डबा, चिवडा सोडून, २८० ग्रॅम. जीन्स ६५० ग्रॅम, आणि ओली झाली की दुपटीच्या वर. मोठी पॉवर बँक ४३० ग्रॅम. चौदा किलोंतला एकही किलो एका जागी सापडत नाही. तो असा पाव-पाव किलोंनी येऊन बसलेला असतो.

शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त ओझं नको, असं ट्रेकवाले सांगतात. म्हणजे साठ किलोंच्या माणसाला बारा. मी ही वरची मर्यादा धरते. गावातून गावात जायच्या वाटेवर पाणी सोडून पाच किलो जमतात.

अंथरूण, आणि सगळ्यात शेवटी सॅक

पाणी सोडलं तर सगळ्यात जास्त वजन अंथरूण आणि सॅक यांचंच. म्हणून कात्री आधी इथे लावायची. टूथब्रशचा दांडा कापणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यांच्याच सॅकेत दोन किलोंची स्लीपिंग बॅगही पाहिली आहे.

डिसेंबर-जानेवारीत या भागात पहाटे पारा एक आकडी होतो. पण तुम्ही घरात झोपणार आहात, आणि घरात गोधडी मिळते. माझी जुनी बॅग १.७ किलोंची होती. आता ९०० ग्रॅमची साधी बॅग नेते आणि आत खोळ घालते. खोळ म्हणजे आजीची जुनी, धुऊन-धुऊन मऊ झालेली साडी. निम्मी कापून दुमडली, एक बाजू आणि खालचा काठ शिवला, झालं. २५० ग्रॅम. बॅगेला ऊब देते, बॅग मळत नाही, आणि घरी आल्यावर मशीनमध्ये फक्त खोळ टाकायची. दुसऱ्याच्या गोधडीत झोपताना संकोच वाटणाऱ्यांचीही सोय होते. उंचीपेक्षा एक वीत लांब आणि खांद्याशी सैल ठेवा. घट्ट शिवलीत तर रात्री कूस बदलताना टराटरा फाटते. माझी पहिली फाटली.

फोमची मॅट डोक्यापासून गुडघ्यांपर्यंत पुरेल एवढी कापली. पायांखाली रिकामी सॅक सरकवायची. २०० ग्रॅम. आणि ती सॅकच्या बाहेर बांधायची नाही. आत गोल फिरवून उभी घातली तर सॅकला कणा मिळतो, आणि मामांना कुणाला ओढून घ्यावं लागत नाही.

हे सगळं जमलं की मग सॅक. आधी मोठी सॅक घेतली की ती आपोआप भरते, घरातल्या माळ्यासारखी. माझी ३८ लिटरची, ९५० ग्रॅमची आहे. कमरेचा पट्टा रुंद आणि गादीदार हवा, तिथे मात्र कंजुषी करू नका.

कपडे

एक अंगावर, एक बदलीला, एक झोपायला. चार दिवस असोत की सहा.

अंगावर: लवकर वाळणारी पॅंट, पूर्ण बाह्यांचा ड्रायफिट टी-शर्ट, टोपी. सॅकेत: दुसरा टी-शर्ट, झोपायला पातळ थर्मल, एक फ्लीस, आतले कपडे, कानटोपी आणि मोज्यांचे दोन जोड. सगळं मिळून ९०० ग्रॅम. वरून २५० ग्रॅमची वाऱ्या-पावसाची विंडचीटर. सुती टी-शर्ट नको. घामाने भिजला की वाळत नाही, आणि खिंडीत वारा लागला की पाठ गारठते. मोजे मात्र कापू नका. पायातला एक, वाळत असलेला एक, आणि झोपायचा एक जो कधीच चालायला वापरायचा नाही. ओल्या मोज्यांनी आलेले फोड सातच्या सॅकेलाही चौदाची करतात.

थर्मलला 'फक्त झोपताना' हा नियम लावा. संध्याकाळी थंडी वाजली म्हणून तोच घालून चाललात की रात्री घामट थर्मलमध्ये कुडकुडणं आलं.

आणि पंचा. टर्किश टॉवेल ४०० ग्रॅमचा, पंचा १००. सुती असूनही हा अपवाद, कारण विणच इतकी विरळ की सॅकवर टाकला तर तासाभरात वाळतो. उन्हात डोक्यावर, धुळीच्या जीपमध्ये तोंडावर, बाटली भरताना गाळणं म्हणून, हात मुरगळलाच तर झोळी म्हणून. हल्ली मिळणारे मायक्रोफायबरचे टॉवेल मी वापरून पाहिले. ते अंगाला चिकटतात, पुसत काहीच नाहीत. वारीला जाणाऱ्यांच्या खांद्यावर पंचा का असतो ते मला दुसऱ्या ट्रेकला कळलं.

पाणी: इथे कात्री नाही

एक लिटर म्हणजे एक किलो, त्यात पळवाट नाही. सॅकेतली सगळ्यात जड वस्तू हीच, त्यामुळे हलकेपणाचं वेड लागलेला माणूस आधी पाण्यालाच हात घालतो. तो आजारी पडतो आणि मग त्याची सॅक आपण उचलतो.

बाटल्या तीन लिटरच्या न्या, पण दर टप्प्याला त्या टप्प्यापुरतंच भरा. रतनवाडीहून कात्राबाईच्या चढाला मी तीनही भरते. तो दिवस लांबचा, आणि वाटेतले ओहळ जानेवारीनंतर भरवशाचे नाहीत. कुमशेत ते पाचनई दोन लिटर. पाचनईत पुन्हा भरायचं. सकाळी निघण्याआधी घरातच अर्धा लिटर पिऊन घ्या. पोटातलं पाणी खांद्याला लागत नाही.

ओढ्याचं किंवा टाक्याचं पाणी पंचाने गाळून त्यात क्लोरीनची गोळी, आणि पाकिटावर लिहिलेला वेळ खरोखर थांबायचं. ओआरएसची पुडी २० ग्रॅमच्या आसपास असते. माणशी तीन-चार ठेवा. एक पुडी एका पूर्ण लिटरमध्ये. 'कडक' व्हावी म्हणून अर्ध्या लिटरमध्ये ओतायची नाही, त्याने उलट त्रास होतो.

खाऊ

सकाळचे पोहे आणि रात्रीची पिठलं-भाकरी गावात. राहिलं दिवसभराचं चरणं. त्याला रोज २०० ग्रॅम पुरतात, पण ते ग्रॅम कसले आहेत ते बघायचं. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, १०० ग्रॅम सफरचंदात पन्नासेक. म्हणजे सफरचंद वाहून नेणं हे बरंचसं पाणीच वाहून नेणं.

जांभळी नाक्यावरून मी भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, राजगिऱ्याच्या वड्या, खजूर आणि खाकरे आणते. लसणाची कोरडी चटणी घरची. ती भाकरीबरोबरही चालते आणि दुपारी खाकऱ्यावरही. सगळी वेष्टणं घरीच काढून टाका. चार छोट्या पिशव्या करा, प्रत्येकीवर दिवसाचा आकडा, प्रत्येकीत २०० ग्रॅम. दिवसाची पिशवी एकच उघडायची. नाहीतर पहिल्याच दुपारी खजूर संपतात आणि चौथ्या दिवशी फुटाण्यांकडे बघवत नाही. संत्री न्यायचीच असतील तर रतनवाडीच्या जीपमध्येच संपवा. रिकामी पिशवी पुढच्या दिवसाच्या कचऱ्याला. एकही रॅपर गडावर राहता कामा नये.

आईला मात्र डबा द्यायचाच असतो. त्यावर माझा तोडगा असा की थालीपिठं फडक्यात बांधून घेते आणि ती लोकलमध्येच, कल्याणच्या आधी, संपतात.

चिल्लर

इथे वजन कमी आणि संख्या जास्त, म्हणून पटकन सांगते. १०,००० एमएएचची पॉवर बँक चार दिवसांना पुरते, कारण वाटेत बहुतेक ठिकाणी रेंज नसते आणि फोन फ्लाइट मोडवर राहतो. डोक्याला लावायची विजेरी, फोनच्या उजेडावर भागवू नका. साबणाची चिपटी, छोटी पेस्ट, सुई-दोरा, शिट्टी. सुट्ट्या नोटा, कारण रेंज नाही तर यूपीआय नाही. पॅड्स तारीख नसली तरी ठेवा. चढ-उताराने तारखा पुढेमागे होऊ शकतात. वापरलेली पॅड्स कागदात गुंडाळून बंद पिशवीतून परत आणायची.

औषधांत कापाकापी नाही: रोजची स्वतःची औषधं एक दिवस जास्तीची, तापाची गोळी, क्रेप बँडेज, पट्ट्या, जंतुनाशक मलम. फक्त बाटल्या-खोकी घरी ठेवा. गोळ्यांची पट्टी कापताना नाव आणि एक्स्पायरीची तारीख असलेली बाजू शाबूत राहील असं बघा.

आणि गटाने जात असाल तर निघण्याआधी एकदा सगळ्यांनी एकत्र बसून सामान मांडा. आमच्या पाच जणांच्या पहिल्या मांडणीत पाच टूथपेस्ट, चार चाकू, तीन मोव्ह आणि शून्य शिट्ट्या निघाल्या होत्या.

भरायची कशी

सॅकच्या आत आधी कचऱ्याची जाड काळी पिशवी, तोंड उघडं. सॅकवरचं रेनकव्हर पाठीकडून पाणी आत येऊ देतंच, ही पिशवी देत नाही. मॅट गोल करून उभी. तळाला स्लीपिंग बॅग आणि खोळ, म्हणजे रात्रीपर्यंत न लागणारं. मधे, पाठीला चिकटून, जड वस्तू: पाणी, खाऊ, पॉवर बँक. त्यांच्याभोवती कपडे कोंबा, पिशव्या-पिशव्यांच्या गाठोड्या करू नका, कोपरे रिकामे राहतात. सगळ्यात वर विंडचीटर आणि औषधं. बाहेर काहीही लोंबकळणार नाही. लोंबकळणारा कप आधी करवंदीच्या जाळीत अडकतो, मग शिडीवर.

पाठीवर चढवली की आधी कमरेचा पट्टा, हाडांवर बसेल असा, घट्ट. मग खांद्याचे, फक्त सॅक पाठीला टेकेल इतके. मग छातीचा. खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. जात नसतील तर ओझं अजून खांद्यावरच आहे.

येऊरची परीक्षा

ट्रेकच्या आधीच्या रविवारी सकाळी भरलेली सॅक, भरलेल्या बाटल्यांसकट, घेऊन उपवनपासून येऊर गावापर्यंतचा चढ चालून या. बूटही तेच, मोजेही तेच. वाटेत मॉर्निंग वॉकवाले काका 'कुठे, हिमालयात का?' असं विचारतीलच. तासाभरात जे दुखतं ते तिसऱ्या दिवशी तिप्पट दुखणार आहे, त्यामुळे पट्टा कुठे काचतो, काय खुळखुळतं, बाटलीला हात पोहोचतो का, हे तिथेच बघा. नवी मुंबईकरांना खारघरची टेकडी आहेच.

दुसरी परीक्षा लोकलची. सॅक पुढे, पोटावर घेऊन गर्दीतल्या गाडीत शिव्या न खाता चढता आलं, तर आकार बरोबर आहे. मालडबा शोधावा लागला, तर अजून काहीतरी काढायचं बाकी आहे.

परत आल्यावर

आंघोळीच्या आधी, कारण नंतर होत नाही, सॅक फरशीवर पालथी करा. तीन ढीग: रोज वापरलं, एकदाच वापरलं, हातही लावला नाही. तिसरा ढीग तोला आणि वहीत लिहा. औषधं, शिट्टी आणि विंडचीटर हे तिसऱ्या ढिगात आले तरी पुढच्या वेळी जातात. बाकीच्यांनी घरी राहायचं.

माझ्या पहिल्या खेपेचा तिसरा ढीग ३ किलो २०० ग्रॅम होता. त्यात कॅरमच्या आकाराचा प्रवासी बुद्धिबळाचा पट होता. गेल्या खेपेला तिसरा ढीग ११० ग्रॅमवर आला: एक जादा टी-शर्ट. नको नको म्हणत शेवटच्या क्षणी, दारात, बूट घालून झाल्यावर आत कोंबलेला.